केडगावहून निघालेलं गाठोडं

दाजी, तुमच्या तेराव्याला लोक तुमच्याबद्दल जे बोलले ते ऐकायला तुम्ही हवे होतात. एक जण म्हणाला, असा शांत माणूस बघितला नाही. मी तेव्हा पंक्तीत आमटी वाढत होतो. हसू दाबत मी पुढच्या पानाकडं वळलो, कारण उलटा पाना हातात देणाऱ्याला तुम्ही काय काय म्हणत होतात ते मी सोळा वर्षं ऐकलंय. दुसरा म्हणाला, शब्दाचा पक्का माणूस. त्याच्या विहिरीवरचं इंजिन तुम्ही बुधवारी देतो म्हणाला होतात आणि खरोखरच बुधवारी दिलंत. कोणत्या बुधवारी, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिसरे एक म्हातारे होते. ते हात धुता धुता म्हणाले, "बिच्याऱ्याचं काश्मीर ऱ्हाऊन गेलं बगा." तेवढं मात्र मला लागलं. ह्याच गोष्टीवरून तुम्हाला सगळ्यांत वाईट शब्द मी बोललो होतो, आणि ते मागे घ्यायला वेळच मिळाला नाही.

आपल्या दोघांच्या डोक्यात काश्मीर आलं ते एका सफरचंदानं. सत्तर सालची दिवाळी जवळ आली होती. पुण्याच्या रस्त्याला, तुमच्या केडगावच्या गॅरेजसमोर, एका सरदारजींचा ट्रक बंद पडला. तुम्ही दोन दिवस त्याच्याखाली झोपून काम केलंत. सरदारजींनी जाताना एक पेटी सफरचंदं दिली आणि श्रीनगरच्या रस्त्याच्या गोष्टी सांगितल्या. एवढे मोठे डोंगर, एवढं खोल पाणी, आणि थंडी पडली की बर्फानं रस्ताच बंद. मी राहात्याहून अक्काला भाऊबीजेचं न्यायला आलो होतो. तुम्ही सफरचंद चावून खाल्लंत, बी हातावर घेऊन बघितलंत आणि म्हणालात, "मास्तर, हे जिथं लागतं तिथं जायाचं. थंडीच्या आत. जीपनं." आपल्याकडं जीप नव्हती, हे मी म्हणून दाखवलं. "व्हईल की," तुम्ही म्हणालात.

आणि झाली. नगरात लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव व्हायचा, तिथून तुम्ही एक जीप ओढून आणलीत. ओढूनच आणलीत, कारण ती चालत नव्हती. अक्का दारात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली, जीपभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "ही म्हातारी कुठं जायाची?" तेव्हापासून जीपचं नाव म्हातारी पडलं. चार महिन्यांत तुम्ही तिला चालती केलीत. फक्त मागचा गिअर पडत नव्हता. मी विचारलं तर म्हणालात, "काश्मीर पुढं हाय का मागं? मग मागचा गेर कशाला पायजे?" मी म्हणालो, परत यायला. तुम्ही म्हणालात, परत यायचं ते वळून यायचं असतं.

मी राहात्याच्या शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून नकाशाचं काम माझ्याकडं आलं. शाळेचा मोठा ॲटलास मी रविवारी पिशवीत घालून केडगावला आणायचो. अक्काच्या शिलाईचा दोरा घेऊन मी नगर ते श्रीनगर अंतर मोजलं. दोरा ताणून सरळ धरला होता. तुम्ही बाजूला उकिडवे बसून बघत होतात. मग काळ्या बोटानं नकाशावर दाबून विचारलंत, "हितं घाट किती?" मी म्हणालो, नकाशावर घाट दिसत नाहीत. "मंग तुमी पोरान्ला काय शिकवता वो?" तो ग्रीसचा ठसा अजून ॲटलासात आहे, झाशीपासून ग्वाल्हेरपर्यंत. दरवर्षी सातवीच्या वर्गात मला सांगावं लागतं की इथं कोळशाच्या खाणी नाहीत, ते माझ्या दाजींचं बोट आहे.

सामानाच्या यादीवर आपण सहा महिने भांडलो. माझ्या यादीत थर्मास, मफलर, विजेरी आणि खोकल्याचं औषध. तुमच्या यादीत स्प्रिंगचे दोन पाटे, एक ॲक्सल, जॅक, साखळी, पंपाचा जुना पट्टा आणि एक पूर्ण कार्बोरेटर. तुमची यादी ऐकून मी म्हणालो, एवढ्यात दुसरी जीप तयार होईल. तुम्ही खूश होऊन म्हणालात, त्येच तर. अक्काचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. तिचे लाडू होते. थंडीचा प्रवास म्हणून तिनं डिंकाचे लाडू दोन डबे भरून केले होते. ते आपण बैठकीला एकेक करत खाल्ले. पहिल्या वर्षी आपली बोटं नकाशावर इंदूरला पोचली तेव्हा डबे रिकामे झाले होते.

मग दसरा जवळ आला आणि तुम्ही प्रस्थानाचं काढलंत. मला वाटलं होतं ही चाल आता कोणी पाळत नाही. तुमच्या आईनं तुम्हाला ती शिकवलेली. मुहूर्तावर निघणं जमत नसेल तर गाठोडं पुढं पाठवायचं, ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या कुणाच्या तरी घरी. गाठोड्यात सुपारी, हळकुंड, मूठभर अक्षता, आणि जे जे जाणार त्या प्रत्येकाचं अंगावर वापरलेलं एक वस्त्र. गाठोडं ठेवलं की प्रवास सुरू झाला. मग माणसानं सवडीनं जावं आणि वाटेत आपलं गाठोडं उचलावं. पण ते परत मात्र आणायचं नाही. ते परत आणणं चांगलं नसतं.

काश्मीर उत्तरेला, आणि माझं घर राहात्याला, तेही उत्तरेला, मनमाडच्या रस्त्यावर. तेव्हा दसऱ्याच्या दिवशी कंडक्टरनं एसटीच्या खिडकीतून माझ्या हातात गाठोडं दिलं. "केडगावच्या गॅरेजवाल्यांनी दिलंय. काश्मीरला चाललंय म्हणं." सगळी गाडी माझ्याकडं बघत होती. गाठोड्यात तुमचा बनियन आणि माझी टोपी होती. टोपी तुम्ही आदल्या रविवारी माझ्या डोक्यावरून काढून घेतली होतीत, आणि मी उघड्या डोक्यानं राहात्याला आलो होतो. आमच्या बायकोनं गाठोड्याला हळदकुंकू लावलं आणि माळ्यावर ठेवून दिलं.

पुढच्या रविवारी मी विचारलं, मग निघायचं कधी? तुम्ही डोळे मोठे केलेत. "आरं, निघालोय की! गाठुडं कुठं हाय? तुमच्या घरी. म्हंजे आपुन राहात्यात पोचलो. कोपरगाव म्होरंच हाय."

हा आपला वाद दोन वर्षं चालला, दाजी. मी म्हणायचो, गाठोडं गेलं म्हणजे माणूस गेला असं होत नाही. तुम्ही म्हणायचात, होतं. मी म्हणायचो, मग मी रोज शाळेत छडी पाठवतो आणि घरी झोपतो. तुम्ही म्हणायचात, पोरं आनंदानं शिकतील.

त्या वर्षी आपण गेलो नाही ह्यात तुमचा दोष नव्हता. सरहद्दीकडच्या बातम्या येत होत्या, नगरच्या रस्त्यानं लष्कराच्या गाड्यांच्या रांगा जात होत्या, आणि तुम्ही म्हातारीवर ताडपत्री टाकून ठेवली होतीत. लष्करानं आपली गाडी परत मागितली तर काय करायचं, ही तुम्हाला खरोखरची काळजी होती. मी समजावलं की ज्या जीपला मागचा गिअर नाही ती लष्कर मागणार नाही. "का? लष्कर काय मागं जातं व्हय?" असं तुम्ही मलाच विचारलंत. मग युद्ध झालं आणि काश्मीर राहिलं.

बाहत्तरला दुष्काळ पडला. त्या वर्षाबद्दल मला तुम्हाला एक गोष्ट कधी सांगता आली नाही, ती आता सांगतो. मी दसऱ्याआधी रजा काढून आलो होतो. लाडू नव्यानं केलेले होते. बघतो तर म्हातारीच्या मागच्या भागात पाण्याची पिंपं आणि गॅरेजच्या अंगणात पाच गावांची इंजिनं ओळीनं. तुमचे डोळे लाल झाले होते. मी तोंड वाकडं केलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "मास्तर, लोकांच्या विहिरीला तळ लागलाय, आन् मी बर्फ बघाया जाऊ?" मी रागानं एक लाडू तोंडात घातला आणि राहात्याला निघून गेलो. एसटीत बसल्यावर मला तुमचा इतका अभिमान वाटला की उतरून परत यावं असं वाटलं. आलो नाही. मेहुण्यानं दाजींना असलं काही सांगायची रीत नाही, म्हणून राहिलं. ते लाडू त्या वर्षी पिंपं भरायला येणाऱ्या माणसांनी खाल्ले, असं अक्का म्हणाली. ते मला फार बरं वाटलं.

ह्या वर्षी पाऊस चांगला झाला. आता कुठलीच अडचण नव्हती. मी तिसऱ्यांदा रजेचा अर्ज केला. हेडमास्तरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "काश्मीर का पुन्हा?" आणि शिपाईसुद्धा हसला. ते सगळं डोक्यात घेऊन मी श्रावणात केडगावला आलो, तर मागचा गिअर बाकावर फडक्यात गुंडाळलेला, जसा दोन वर्षांपूर्वी होता तसा. यादी पुन्हा पहिल्यापासून करायची म्हणून तुम्ही पेन्सिल शोधत होतात. पेन्सिल तुमच्या कानावर होती.

मी येताना माळ्यावरचं गाठोडं पिशवीत आणलं होतं. का आणलं ते मला तेव्हाही नीट कळत नव्हतं. बहुधा तुम्हाला दाखवायला, की बघा, दोन वर्षं हे माझ्या माळ्यावर पडलंय आणि ह्याला कसर लागलीय. ते मी बाकावर गिअरशेजारी आपटलं आणि बोललो. "तुम्हाला जायचंच नाही. तुम्हाला फक्त निघायचं असतं. हे घ्या तुमचं गाठोडं. माझं नाव काढा यादीतून." गॅरेजातली माणसं हातातलं काम थांबवून बघत होती.

तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही हात पुसलेत, गाठोड्याकडं बघितलंत आणि हळू आवाजात म्हणालात, "परत आणाया नको हुतं, मास्तर."

आठ दिवसांनी कंडक्टरनं मला माझी टोपी दिली. धुतलेली, कडक इस्त्री केलेली, कागदात बांधलेली. चिठ्ठी नाही, काही नाही. यादीतून माझं नाव निघालं होतं. मी म्हणालो होतो काढा, आणि तुम्ही काढलंत, आणि मला इतका राग आला की मी ती टोपी घातली नाही. पत्रही लिहिलं नाही. मग अक्काचं पत्र आलं. मला वाटलं त्यात तुमचा काही निरोप असेल. तीन पानं भरून तिनं एका बोहारणीची तक्रार लिहिली होती. तिचं जांभळ्या काठाचं लुगडं दोरीवरून नाहीसं झालं होतं, आणि त्याच दिवशी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ती बोहारीण गल्लीत आलेली. अक्कानं तिला रस्त्यात गाठून तिच्या सात पिढ्या काढल्या होत्या. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, "हे बरे आहेत. गाडीच्या मागे लागलेत." मी मनात म्हणालो, लागू द्या.

गौरी गेल्या, आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही गेलात. सकाळी म्हातारीच्या सीटवर बसून चहा पीत होतात, म्हणे. अक्का कप न्यायला आली तर कप रिकामा होता आणि तुम्ही मान टेकून बसला होतात. तिला वाटलं डोळा लागला.

दाजी, मी मुलांना ग्रहणं कशी लागतात ते शिकवतो. शकुन-अपशकुन मानायचे नाहीत असं सांगतो. पण त्या तेरा दिवसांत मी जेवलो ते नावापुरतं. पंक्ती वाढताना, पिंडाला शिवायला कावळा येईपर्यंत उभं राहताना, एकच वाक्य डोक्यात वाजत होतं. परत आणाया नको हुतं. प्रवाशाचं गाठोडं मी परत आणलं होतं आणि प्रवासी गेला होता. कावळा पहिल्या हाकेला आला तेव्हा सगळे म्हणाले, आत्मा तृप्त आहे. मी म्हटलं, तृप्त कसला, तो कावळा भुकेला असेल. पण मनातून मला ते ऐकायला बरं वाटलं.

चौदाव्या दिवशी पोस्टमननं गॅरेजच्या पत्त्यावर आलेलं कार्ड आणून दिलं. हिंदीत होतं. मी ओसरीवर बसून अक्काला मराठीत सांगत सांगत वाचलं. पाठवणारे तेच सफरचंदवाले सरदारजी. त्यांना काही माहीत नव्हतं. लिहिलं होतं की मागच्या खेपेला तुम्ही पुढं पाठवायला दिलेलं गाठोडं ट्रकमधून सुखरूप आलंय आणि त्यांच्या मेहुण्याच्या पठाणकोटच्या ढाब्यावर देवाच्या फोटोखाली ठेवलंय. तुम्ही सांगितलं होतं तसं, कोणी उघडलेलं नाही. जांभळ्या काठाच्या लांबच लांब कापडात वेढ्यावर वेढे देऊन बांधलंय ते, म्हणून ढाब्यावरच्या बाया विचारतात की ही एवढी लांब साडी तुमच्याकडं नेसतात कशी, तर भाभीजी आल्यावर त्यांनी शिकवावं. आणि शेवटी, लवकर निघा, दोघांनीही लोकर भरपूर घ्या, दिवाळीनंतर बर्फाचा भरवसा नाही.

मी कार्ड खाली ठेवलं. अक्का माझ्याकडं बघत होती. पहिल्यांदा ती जे बोलली ते असं, "अगं बया! आन् त्या बोहारणीला मी काय काय बोलले रे!"

मग ती रडली, दाजी. तेरा दिवसांत ती लोकांसाठी रडली होती. आता स्वतःसाठी रडली. मीही रडलो, पण माझ्या रडण्यात थोडा अपमानही होता, तो तुमच्याजवळ कबूल करतो. नकाशा माझा, दोरा मी मोजलेला, तीन अर्ज माझे, आणि तुम्ही माझी टोपी काढून तिथं अक्काचं लुगडं घातलंत. तेही तिला न सांगता. सतरा वर्षं संसार केलेल्या बायकोला काश्मीरला चला म्हणायची तुम्हाला लाज वाटली, म्हणून तुम्ही आधी तिचं लुगडं पाठवून दिलंत. तुमच्या हिशेबानं ती निघालेलीच होती. पोचल्यावर सांगितलं असतंत.

"तुला काहीच बोलले नव्हते?" मी विचारलं.

"इचारलं हुतं एकदा," ती डोळे पुसत म्हणाली. "तुला थंडी सोसती का. मी म्हनले, न सोसून सांगते कुनाला?"

संध्याकाळी मी गॅरेज उघडलं. बाकावर बघितलं. फडकं होतं, त्यात गिअर नव्हता. मी म्हातारीत बसलो, किल्ली फिरवली आणि गिअर मागं टाकला. तुम्ही मला केडगावच्या माळावर गाडी शिकवलीत तेव्हा हा धडा राहिला होता. म्हातारी एकदम मागं गेली आणि पाण्याच्या टाकीला धडकली. टाकीला पोचा आलाय. मी गाडीतच बसून हसत सुटलो आणि नंतर डोकं स्टिअरिंगवर टेकलं. तुम्हाला जायचं होतं. परत यायचीसुद्धा तयारी केली होतीत. आणि मी परत आणलेलं गाठोडं तुम्ही घराच्या उंबऱ्याच्या आत जाऊ दिलं नाहीत, गॅरेजवरूनच पुन्हा उत्तरेला लावून दिलंत. माझी चूक तुम्ही निस्तरलीत आणि मला कळवलंही नाहीत. त्या रात्री मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी अक्कानं जाहीर केलं की ती जाणार. घरात जो गोंधळ झाला तो तुम्हाला फार आवडला असता. तुमचे थोरले बंधू म्हणाले, वर्षभर बाईनं वेस ओलांडायची नाही, लोक काय म्हणतील. तुमच्या आत्याबाईंनी पदर डोळ्याला लावला. अक्का तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

"गाठुडं ठिवलेलं हाय," ती म्हणाली. "त्याच्यात माजं लुगडं हाय. ज्याचं वस्त्र त्यानं जायाचं, आन् गाठुडं परत आनायचं न्हाई. तुमीच सांगा आत्याबाई, सासूबाईंची रीत मोडू का?"

आत्याबाईंनी पदर डोळ्यावरून काढला. सासूबाईंची रीत मोडा असं कोण म्हणणार? थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं की लोकर पुरेल का, त्यांच्याकडं एक घोंगडी पडून आहे.

मी अक्काला म्हणालो, तुमच्या दोघांचं प्रस्थान, मग मी कोण? ती म्हणाली, "तू डायवर." मी टोपीचा कागद सोडला. इस्त्री तशीच होती. डोक्यावर घातली.

उद्या दसरा आहे. ॲटलास घेतलाय, दोरा घेतलाय, तुमची यादी सगळी घेतलीय, ॲक्सलसकट, कारण माझी हिंमत नाही एकही वस्तू सोडायची. थर्मासला जागा उरली नाही. डिंकाचे लाडू दोन डबे भरून आहेत आणि ह्या खेपेला अक्कानं डब्यांना कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली आहे. काल तिनं त्या बोहारणीला शोधून काढलं, लुगड्याची माफी मागितली आणि चार लाडू दिले. प्रवास सुरू व्हायच्या आत लाडू मोडायची तुमची पद्धत तिनं तेवढ्यापुरती पाळली.

आपल्या वादाचं काय ते आता सांगून टाकतो, म्हणजे रस्त्यात माझं लक्ष गाडीवर राहील. गाठोडं पुढं गेलं की माणूस निघाला, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मी त्या दिवशी जे बोललो ते परत घेतो. एवढं एकच परत घ्यायचं होतं.

मी गाडी हळू चालवतो, तुम्हाला माहीत आहे. घाट किती आहेत ते अजून कळलेलं नाही. तरी दिवाळीच्या आत पोचू. पठाणकोटला थांबा, दाजी. आम्ही तिघं येतोय, म्हातारी धरून.